बाबांनी धरलेला बहार

माझ्या मागच्या अंगणात फुलं आहेत, हे अर्ध्या कारंजा गावाला माहीत आहे. दुर्दैवानं. कारण सकाळी फिरायला निघणारी सगळी सज्जन मंडळी आमच्याच बोळातून जातात. चेहऱ्यावर भक्तिभाव, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात फांद्या ओढायची आकडी. एकदा मी मागचं दार उघडून एका गृहस्थांना चांगलंच धारेवर धरलं, तर ते म्हणाले, "देवालेच तं वाहून राह्यलो, वहिनी." मी म्हटलं, "मग देवाले सांगा ना, तुमच्या अंगणात एखादं झाड उगवून दे म्हणून." तेव्हापासून ते दुसऱ्या बोळातून जातात. माझा नवरा म्हणतो, तुझ्या बागेला कुंपण लागत नाही, तुझं तोंड पुरे आहे.

खरंच आहे ते. फुलं राखणं हे निम्मं तोंडाचं काम आहे. आकडीवाल्यांना बोलावं लागतं, बकरीच्या मालकाशी भांडावं लागतं, आणि वानरांची टोळी पत्र्यावर उतरली की ताटली बडवत ओरडावं लागतं. वानरं जास्वंदीच्या कळ्या भाजलेल्या शेंगांसारख्या खातात, खाताना माझ्याकडे बघतातही. उरलेलं काम पाण्याचं. नळ येतो तेव्हा येतो, आणि बोअरचं पाणी इतकं खारट की पानांच्या कडा करपतात. म्हणून आमच्या घरात तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं, सगळं पाणी बादलीत जमा होतं आणि झाडांना जातं. पाहुणा आला आणि त्यानं अर्धा पेला पाणी मोरीत ओतलं तर मला त्याचा राग येतो. तो मी दाखवत नाही, असं मला वाटतं. नवऱ्याला तसं वाटत नाही.

तरीही या अंगणानं मला जितकं सुख दिलं तितकं घरातल्या कुठल्याही खोलीनं दिलं नाही. पावसाळ्यात न लावता उगवणारा तेरडा आणि गुलबक्षी, दसऱ्याला झेंडू, दिवाळीपासून शेवंती, थंडीत डेलिया आणि अस्टर. एकाचा बहर सरतो तोवर दुसऱ्याची कळी धरलेली असते. मार्चमध्ये मात्र सगळं आटोपतं. आमच्याकडच्या उन्हात माणसंच सावली सोडत नाहीत, तिथं बिचाऱ्या डेलियाची काय कथा. तेव्हा अंगणात एकटा मोगरा उरतो. मागच्या भिंतीला लागून लांबच्या लांब ओळ आहे मोगऱ्याची, आणि ऊन जितकं तापतं तितका तो फुलतो.

त्या भिंतीपलीकडे बांगड्यांच्या दुकानवाल्यांचं घर आहे. त्या घरातल्या भाभी आणि मी एकाच वर्षी या बोळात सून म्हणून आलो. त्यांची धाकटी मुलगी लहानपणी उन्हाळाभर त्या भिंतीवर बसलेली असायची. पाय आमच्याकडे, पाठ तिच्या आईकडे, आणि ओंजळीत मोगऱ्याच्या कळ्या. तिला मात्र मी कधी रागावले नाही. ती सातवी-आठवीत असताना एकदा मी बोलून गेले, "तुझ्या लग्नात एक फूल बाजारातून आणू देणार नाही. गजरे, हार, सगळं या मोगऱ्याचं." बोलताना माणूस किती सहज बोलतो. पोरीनं ते नीट लक्षात ठेवलं. मागच्या दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं, निकाह ईदनंतर, एप्रिलमध्ये. मिठाईचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, मोगरा तुमचाच बरं का. मी सासरी सांगून ठेवलं आहे." मीही म्हटलं, "शब्द म्हणजे शब्द."

त्याच वर्षी बाबा माझ्याकडे राहायला आले होते. खरं सांगायचं तर आले नव्हते, मी त्यांना आणलं होतं.

बाबा गावी, इंझोरीला, एकटे राहत होते. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, भाऊ पुण्याला कंपनीत, आणि त्याच्या दोन खोल्यांच्या घरात बाबांना कोंडल्यासारखं होई. शेती गावातल्याच माझ्या चुलतभावाला ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशांवर, दिलेली. पावसाळ्यात एके दिवशी बाबांना चक्कर आली आणि ते अंगणात पडले. लागलं फारसं नाही, पण मी फोन ऐकताच उभ्या उभ्या गाडी करून गेले आणि त्यांना घेऊन आले. विचारलं नाही. विचारलं असतं तर ते आले नसते.

आयुष्यभर त्यांनी संत्र्याची बाग केली. संत्र्यापलीकडे झाड म्हणून काही असतं, हे त्यांना फारसं मान्य नव्हतं. माझ्या अंगणात बाजेवर बसून ते डेलियाकडे बघायचे, ताटाएवढं फूल, गावात कुणाकडे नसेल असं, आणि विचारायचे, "याले फळ काय लागते?"

"काही नाही लागत, बाबा. फूलच आहे ते."

"मंग इतकं पानी कायले पाजतं त्याले?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे मला बाबांनी त्या हिवाळ्यात रोज दाखवलं. माझा स्वभाव कुणावर गेला हे घरात कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी मी झारी घेऊन निघाले की ते काठी टेकत मागोमाग यायचे. इथे पाणी जास्त झालं, तिथे माती दाबली, हे झाड उन्हात हवं, ते सावलीत हवं. आणि सगळं बोलून झालं की शेवटी ठरलेला प्रश्न, "मले कवा पोचवून देतं, बाई?"

मी ऐकलं न ऐकलंसं करायची. त्यांना काय कमी होतं? वेगळी खोली होती, वेळेवर जेवण होतं, संध्याकाळी नवरा त्यांच्याशी पत्ते खेळत होता आणि हरतही होता. तिथे जाऊन पुन्हा पडले तर? मला ते रात्रंदिवस डोळ्यांपुढे दिसायचं, ओसरीत पडलेले बाबा आणि कुलूप नसलेलं, पण आतून कडी घातलेलं दार. मी ठरवून टाकलं होतं की आता त्यांना जाऊ द्यायचं नाही. इतक्या वर्षांनी बाप माझ्या वाट्याला आला होता, मी काय त्याला सहजासहजी सोडणार होते?

संक्रांतीनंतर माझ्या लेकीची मुलगी आजारी पडली, म्हणून मी नागपूरला गेले. दोन दिवसांचे जवळजवळ पाच आठवडे झाले. जाताना नवऱ्याला बागेचा एकेक धडा शिकवून गेले. कुठल्या कुंडीला किती, कुठल्या ओळीला कधी. फोनवर रोज विचारायची, "पाणी दिलं?" तो म्हणायचा, "बाबा बघून राह्यले." मला बरं वाटायचं. वाटलं, चला, म्हाताऱ्याचा जीव रमला.

परत आले तेव्हा रमजान सुरू झाला होता. चपला काढायच्या आधी मी मागचं दार उघडलं आणि तिथेच उभी राहिले. डेलिया मान टाकून वाळले होते. अस्टरचं सरपण झालं होतं. आणि भिंतीजवळचा मोगरा! एक हिरवं पान नव्हतं त्यावर. बुंध्याभोवतीची माती खोल उकरून टाकलेली, मुळ्या उघड्या पडलेल्या, फांद्या नुसत्या काटक्या. नळाची रबरी नळी गुंडाळून खिळ्याला टांगलेली होती, आणि बाजेवर बाबा बसले होते, काम चोख झालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं.

"बाबा! काय करून ठेवलं हे?"

"ताण देला," ते म्हणाले. "बहार धरला."

ज्यांनी संत्र्याची बाग पाहिली नाही त्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे संत्र्याला बहार यायचा तर आधी त्याचं पाणी तोडतात. कित्येक आठवडे थेंब देत नाहीत. माती उकरतात, मुळ्यांना ऊन दाखवतात. झाड सुकतं, पानं गाळतं, बघवत नाही त्याच्याकडे. मग एके दिवशी खत घालून पाणी सोडतात, आणि ते झाड अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात. बाबांनी हे साठ वर्षं केलं होतं. झाडाला फुलवायचं म्हणजे त्यांना एवढंच माहीत होतं. आणि त्यांना भाभींकडून कळलं होतं की लग्नाला मोगरा हवा आहे, पुष्कळ हवा आहे.

"अन् डेलिया? त्याले कायले मारलं?"

"त्याच नळीनं पानी जाते ना त्याले. इकडं सोडलं की तिकडं झिरपते." आणि वर म्हणाले, "अन् त्याले फळ बी नाई येत."

मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पोरीला दिलेला शब्द, माझी इतक्या वर्षांची मेहनत, पावसाळाभर जपलेले डेलियाचे कंद, सगळं काढलं. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत बसला, तोच तोच पेपर. बाबाही ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते.

"बाबा, मोगरा आहे हा. संत्रं नाही!"

"तहान लागल्याबिगर कोनतंच झाड मनावर घेत नाई. फुलन तो."

"अन् नाही फुलला तर?"

बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "नाई फुलला त मी पुन्हा घरी जायचं नाव काढनार नाई. मरेपर्यंत इथंच राहीन, तू देशीन ते खाईन. पन फुलला, लग्नाच्या आंदी फुलला, त मले इंझोरीले पोचवून द्यायचं. अन् मंग डोळ्यातून पानी नाई काढायचं."

"कबूल!" मी म्हटलं. रागात माणूस काहीही कबूल करतो.

भिंतीवरून भाभींचं डोकं वर आलं. आमचं भांडण त्यांनी पहिल्यापासून ऐकलं असणार, कारण बोळानं ऐकलं होतं. त्यांनी त्या काटक्यांकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "बाबा, तुमी त मोगऱ्याले बी रोजे धरायले लावले." बाबांना ते फार आवडलं. मला अजिबात नाही. नंतर मी एकटी असताना भाभी हलक्या आवाजात म्हणाल्या, "फुलं काय, अमरावतीहून बी येऊन जातात. मोठ्या माणसावर इतकं चिडू नका." पण त्यांच्यामागे पोरगी उभी होती.  तिनं मोगऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकू, मेला का हो तो?"

त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना मला समजलं की मी स्वतःला कशात अडकवून घेतलं आहे. मोगरा फुलला नाही तर पोरीला दिलेला शब्द जाणार. फुलला तर बाबा जाणार. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे तू कोणाकडून आहेस?" मी त्याच्या ताटात पोळी जरा जोरातच टाकली.

त्यानंतर मी रोज सकाळी त्या काटक्यांपुढे उभी राहायची. कधी वाटायचं, पोरीसाठी तरी फूट रे बाबा. लगेच वाटायचं, नको, राहू दे. एका दुपारी बाबांना बाजेवर झोप लागली होती. त्यांचा ताण अजून सुटायचा होता. मी तांदूळ धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन मोगऱ्यापाशी गेले. मला ठाऊक होतं की अर्धवट ताणात पाणी मिळालं तर झाड नुसतं पानांवर जातं, फुलत नाही. बाबांनीच मला लहानपणी बागेत हिंडताना शिकवलेलं. एक बादली ओतली की बाबा कायमचे माझ्याकडे. कुणाला कळलंही नसतं.

बाबा झोपेत किंचित हलले. त्यांची काठी मोगऱ्याच्या पहिल्या झाडाला टेकवून ठेवलेली होती. त्यांच्या पायांच्या नखांत माती होती, लाल-काळी, वाळलेली. इतक्या महिन्यांत मी त्यांची नखं अशी पाहिली नव्हती. माझ्या घरात आल्यापासून ते पाय धुतलेले, मोजे घातलेले, पाहुण्यासारखे स्वच्छ होते. मी ती बादली तुळशीला ओतली आणि आत गेले.

होळीच्या आधी एके सकाळी बाबांनी ताण सोडला. त्या दिवशी त्यांचा थाट बघण्यासारखा होता. धोतर खोचून, डोक्याला दुपट्टा बांधून ते ओळीच्या टोकाला उभे राहिले. नवऱ्यानं घमेल्यानं शेणखत आणायचं, मी ते चाळून आळ्यात घालायचं, आणि दोघांनी शिव्या खायच्या. मुळ्या झाकल्या, आळी बांधली. मग त्यांनी स्वतः नळी धरली. "पहिलं पानी हलकंच," ते म्हणाले, "उपाशी पोटी एकदम खात नाई कोनी." पलीकडे भाभींच्या घरी रोजा सोडायला खजूर भिजत होते. त्या संध्याकाळी त्यांनी बाबांसाठी भजी पाठवली, आणि बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

आठवडा गेला, काही नाही. मग फांद्यांच्या बेचक्यांत हिरवे ठिपके दिसले. बाबांनी मला हात धरून नेऊन दाखवले. मी म्हटलं, "पानं आहेत ती." ते म्हणाले, "पानंच हायेत. पान आल्याबिगर फूल कुठून येईन?" ईद झाली. आमच्याकडे शीरखुर्मा आला, आणि मोगऱ्यावर कोवळी पालवी आली, चकचकीत, इतकी हिरवी की वानरांनाही ती खावीशी वाटली. बाबा दिवसभर ताटली घेऊन बसू लागले. बसल्या जागेवरून ओरडायचे, आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा निघाला. आकडीवाल्यांपैकी उरलेसुरलेही रस्ता बदलून गेले.

आणि मग कळ्या आल्या. एखाद-दुसरी नाही. जिथे पाहावं तिथे, झुपक्या-झुपक्यांनी, पानाआड, पानापुढे. मोगरा लावल्यापासून मी इतक्या कळ्या कधी पाहिल्या नव्हत्या.  आनंद झाला, फार झाला, आणि त्याच वेळी आठवलं, आता बाबा जाणार. बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता जिंकल्याचं बोलतील. पण ते फक्त म्हणाले, "बोट दाखवू नको कळीले. सडते."

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही कळ्या तोडल्या. मोगऱ्याची कळी ऊन उतरायच्या सुमारास तोडायची असते, मिटलेली, पांढरी झालेली. गजऱ्यात ओवली की संध्याकाळी केसांत उमलते. भाभींच्या घरच्या बाया, माझ्या ओळखीच्या दोघीतिघी, सगळ्या आमच्या मागच्या ओसरीत बसल्या. सुया-दोरे, ओली फडकी, परातीत कळ्यांचे ढीग. कुणी मराठीत चेष्टा करत होतं, कुणी उर्दूत, आणि बाबा बाजेवरून दोन्हींत सल्ले देत होते. नवरीला बघायला मी भिंतीपलीकडे गेले. हातभर हिरव्या बांगड्या, बापाच्या दुकानातल्या, आणि केसांत माझा मोगरा. तिनं माझा हात धरला आणि सोडेचना. "काकू," म्हणाली, "बाबाले बोलवा ना." बाबा कधी कुणाच्या लग्नघरात बायकांच्या खोलीत गेले नव्हते. दाराशीच उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. तिनं ओढणी सावरून सलाम केला. बाबा म्हणाले, "सुखी राह्य, माय." आणि लगेच पाठ फिरवून निघून आले.

रात्री ती सासरी गेली. गाडी वळेपर्यंत भाभी फाटकाला धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले, तर त्यांची पेटी भरून तयार होती. पेटीवर दुपट्टा घडी करून ठेवलेला.

मी वाद घातला नाही असं नाही. ऊन फार आहे, पावसाळ्यात जा. डॉक्टरला दाखवून मग जा. भाऊ काय म्हणेल? बाबा एकेक ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "कबूल म्हटलं होतं ना तू?" म्हटलं होतं. मी त्यांचीच लेक आहे, शब्द फिरवता येत नाही. चुलतभावाला फोन केला. त्याच्या घरून दोन वेळचा डबा, रोज सकाळ-संध्याकाळ मला फोन, आणि दाराला आतून कडी घालायची नाही. एवढ्या अटी मी घातल्या. बाबांनी कडीच्या अटीवर जरा कुरकुर केली.

मानोऱ्याकडे जाणारी बस धरून आम्ही दोघं इंझोरीला निघालो. नवऱ्याला सांगितलं, संध्याकाळच्या बसनं येते. बसमध्ये बाबा खिडकीपाशी बसले आणि सगळा रस्ता बाहेरच्या बागा बघत राहिले.  मला राग आला होता. सांगूनच टाकते, मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझ्या घरात असं काय खुपत होतं त्यांना? मी इतकं केलं, आणि त्यांना एका मोगऱ्याच्या जिवावर सुटून जायचं होतं.

घर उघडलं. धूळ, कोळिष्टकं, उंदरांनी कुरतडलेली गोणपाटं. मी पदर खोचला आणि झाडू शोधायला लागले. बाबांनी माझ्या हातातून झाडू काढून घेतला.

"तू बस," ते म्हणाले.

"बाबा, किती घाण आहे पाहा. तुमच्यानं होईन का हे?"

"होते तेवढं करीन. तू बस म्हटलं ना."

त्यांनी बाज झटकली, तिच्यावर सतरंजी टाकली आणि मला बसवलं. चुलतभावाच्या घरून दूध आणलं. मग चुलीपुढे उकिडवे बसून, डोळे चोळत, फुंकत, स्वतः चहा केला. गुळमट, दाट, आई करायची त्याच्यापेक्षा कितीतरी वाईट. कपबशी माझ्या हातात दिली आणि समोर जमिनीवर बसले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "काहून बाबा? माझ्याकडे काय कमी होतं तुम्हाले?"

"काईच कमी नव्हतं."

"मग?"

बाबांनी जमिनीवरचा एक खडा उचलला, बाजूला टाकला. "तुही माय गेली," ते म्हणाले. "भाऊ तिकडं दूर. मी बी तुह्याच घरी येऊन बसलो. मंग तू माहेराले जाशीन कुठं? काल ते पोट्टी गेली, परवा येईन आपल्या मायकडं. तुले कोनी बोलवावं? त्या घरी मी पाहुना, अन् तू त कायमची राबनारी. तुले चाय करून देनारं एक घर पाह्यजे का नाई?"

मी कप खाली ठेवला. डोळ्यातून पाणी काढायचं नाही असं ठरलं होतं, पण माझ्यानं तेवढं नाही झालं. साठीला टेकलेली बाई मी, आजी झालेली, बाजेवर बसून लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. बाबांनी मला थांब म्हटलं नाही. उठले, कप भरून घेतला, पुन्हा आणून दिला.

दुपारी मी तिथेच झोपले. किती वर्षांनी मी दुपारी अशी झोपले, कुणाला काही द्यायचं नव्हतं, काही गॅसवर नव्हतं. जाग आली तेव्हा बाबा अर्ध्या ओसरीची धूळ काढून थकून बसले होते, आणि फोन वाजत होता. नवरा होता.

"बस भेटली का?" त्यानं विचारलं.

"नाही. चार-सहा दिवस राहून राह्यली मी."

"काहून? बाबाले बरं नाही का?"

"बरे आहेत."

"अन् मग झाडांले पानी?"

"तुमी घाला," मी म्हटलं. "मी माहेरी आली."